देवगड बंदरावरच्या होजवाल्या काकांना आभारपत्र

तीर्थस्वरूप काकांस सादर नमस्कार, विनंती विशेष.

समोर उभे राहून आभार मानू लागलो की आपण हातातला पाना हलवून विषय तोडता, म्हणून हे काम उघड पत्राने करीत आहे. आपले नाव मुद्दाम लिहीत नाही. ट्रॉलरच्या विंचचे आणि चिरेखाणीवरच्या मशीनचे होज, म्हणजे दाबाचे तेल वाहणारे रबरी पाईप, कोण बांधून देतो, असे विचारले तर बंदरावरचा कोणीही आपल्या शेडकडे बोट दाखवील.

एप्रिलमध्ये, आंब्याच्या ऐन तोडणीत, माझ्या जुन्या पिकअपचे स्टिअरिंग एका सकाळी दगडासारखे जड झाले आणि गाडीखाली लाल तेलाचे थारोळे दिसले. पॉवर स्टिअरिंगच्या पंपाकडून रॅककडे, म्हणजे चाके वळवणाऱ्या दांड्याकडे, जाणारा जास्त दाबाचा पाईप फुटला होता. नवीन तयार पाईपची किंमत ७,४०० रुपये सांगण्यात आली आणि तो मुंबईहून यायला वीस दिवस लागतील असेही कळले. फवारणी, खोकी आणि गड्यांची मजुरी भागवून माझ्या खिशात जेमतेम दीड हजार रुपये उरले होते. एका मेकॅनिकने फुटका भाग कापून मध्ये पेट्रोलचा पाईप बसवावा आणि दोन क्लिपा आवळाव्यात असा तोडगा सुचवला; तो मला स्वस्त वाटला आणि मी तो पाईप मागायलाच आपल्याकडे आलो होतो.

आपण तो दिला नाही. “क्लिप लावन घाट उतरतलस? तां जमाचा नाय,” एवढेच म्हणालात आणि मला स्टुलावर बसवून कारण सांगितलेत. गाडी सरळ चालत असताना त्या पाईपात दाब फारसा नसतो, पण चाक एका बाजूला शेवटपर्यंत वळवून धरले की पंप आपल्या रिलीफ व्हॉल्व्हच्या, म्हणजे जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेच्या, मर्यादेपर्यंत दाब चढवतो, आणि लहान गाड्यांत तो साधारण ८० ते १०० बारपर्यंत जातो. टायरमधली हवा दोन-तीन बारची असते, एवढे सांगितल्यावर क्लिपेचा विषय संपला. मुख्य म्हणजे, तेल संपलेल्या पंपाला तसेच फिरवत ठेवले तर तो स्वतःच खराब होतो, कारण त्याचे वंगणही तेच तेल असते, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. पंपाचा पट्टा वेगळा आहे हे पाहून आपण तो आधी उतरवलात, म्हणून माझा पंप वाचला.

त्यानंतर आपण जुन्या पाईपाचे फेरूल, म्हणजे टोकावर दाबून बसवलेली धातूची टोपी, करवतीने उभे चिरून दाखवलेत. बाहेरचे रबर तसे ठाकठीक होते, पण फेरूलच्या तोंडातून खाऱ्या हवेचा ओलावा आत शिरून तारेची जाळी तपकिरी भुकटी झालेली होती. बोटाने चोळली की ती गळून पडत होती. रॅकच्या बाजूचे वेगळ्या आट्याचे टोक आणि पंपाच्या बाजूचा बँजो, म्हणजे पोकळ बोल्टाने बसणारे कड्यासारखे टोक, आपल्याकडच्या कुठल्याही डब्यात मिळेना, तेव्हा आपण ठरवलेत की दोन्ही मूळ टोके त्यांच्या लोखंडी नळीच्या तुकड्यासह राखायची, त्या तुकड्यांना होजची निपले (होजच्या आत बसणाऱ्या धातूच्या नळ्या) चांदीमिश्रित धातूची काडी वितळवून जोडायची आणि मध्ये ट्रॉलरवर वापरतात तोच एका तारेच्या जाळीचा १० मिलिमीटरचा होज घालायचा. त्या होजला १८० बारचा कामाचा दाब चालतो आणि फुटण्याची मर्यादा त्याच्या चौपट असते, हे आपण होजवर छापलेल्या अक्षरांवरून मला वाचून दाखवलेत.

ते जोडकाम मी जवळून पाहिले. नळी पॉलिश पेपरने आतून-बाहेरून चकचकीत होईपर्यंत घासणे, धातू स्वच्छ ठेवणारा फ्लक्स लावणे, मग ज्योत काडीवर न धरता नळीवर धरून काडी स्वतः वितळून सांध्यात ओढली जाईपर्यंत थांबणे, यातली कोणतीही पायरी आपण घाईने उरकली नाहीत. जोड थंड झाल्यावर नळ्या गरम पाण्यात टाकून फ्लक्सचा काचेसारखा थर विरघळवलात आणि आतून हवा मारलीत, कारण त्यातला कण पंपात गेला तर सगळे काम फुकट जाईल असे आपले म्हणणे होते. होजचे क्रिंपिंग, म्हणजे फेरूल दाबून होज पक्का करणे, मात्र जोडकाम पूर्ण झाल्यावरच केलेत; आधी केले असते तर आचेने रबर जळाले असते. दोन्ही टोकांचा परस्परांशी असलेला कोन राखण्यासाठी आपण जुन्या पाईपावर खडूने रेघ ओढलीत, नव्या होजवरची छापील रेघ पिळली जात नाही ना हे डोळ्याने जोखलेत आणि प्रत्येक फेरूल दाबल्यावर व्हर्नियरने मोजलेत.

काटकसर आपण दुसरीकडे केलीत. तांब्याचे जुने वॉशर लालबुंद तापवून पाण्यात बुडवलेत आणि ते पुन्हा मऊ झाले. परतीच्या कमी दाबाच्या वाटेला तेल सोसणारा साधा रबरी पाईप आणि क्लिपा चालतात, म्हणून तिथे महागडे काही लावू दिले नाहीत. एक्झॉस्टजवळच्या भागावर मोठ्या होजचा उरलेला तुकडा बाही म्हणून चढवलात. हा होज १०० अंशांपर्यंतच्या उष्णतेचा आहे, मूळ पाईप त्याहून जास्त सोसतो, म्हणून तो एक्झॉस्टपासून लांबून न्यावा आणि दर हंगामाआधी फेरूल तपासावे, हेही आपण झाकून ठेवले नाहीत. मला वाटते, विकणाऱ्याने आपल्या मालाचे उणे आपल्याच तोंडाने सांगणे हे बाजारात फार क्वचित घडते.

बसवल्यावर पुढची चाके स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीसेक वेळा स्टिअरिंग फिरवायला आपण मला लावलेत आणि स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीत फेस येईनासा झाल्यावरच इंजिन चालू केलेत. मी उत्साहाने जोडावर हात फिरवायला गेलो, तेव्हा आपण माझे मनगट धरलेत. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने निघालेले तेल कातडीतून आत शिरते, असे म्हणून आपण माझ्याच गाडीतल्या हापूसच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून जोडाभोवती फिरवलात. पुठ्ठा कोरडा राहिला.

होज, निपले, फेरूल आणि तेल मिळून आपण १,१८० रुपये घेतलेत आणि जोडकामाची मजुरी लावलीच नाहीत. दुसऱ्याच पहाटे पन्नास पेट्या लादून मी फोंडाघाटाने दाजीपूरकडे चढलो आणि रात्री त्याच वळणांनी रिकाम्या गाडीने उतरलो. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत त्या वाटेने अकरा खेपा झाल्या आणि टाकीतल्या तेलाची पातळी खुणेवरून हलली नाही. तो पुठ्ठा अजून गाडीच्या कप्प्यात आहे, कारण दर रविवारी मी तोच जोडाभोवती फिरवून पाहतो.

नव्या हंगामाआधी आपण सांगितल्याप्रमाणे फेरूल दाखवायला गाडी घेऊन येईन. त्यानंतर पहिल्या तोडणीची एक पेटी घेऊन पुन्हा येईन, ती मात्र मजुरीसारखी “राहू दे” म्हणून परत लावू नये, एवढी विनंती.

आपला कृतज्ञ,
देवगड तालुक्यातील एक आंबा बागायतदार