सूर्य मावळण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ख्रिस्ती धर्म आणि भांडवलशाही यांच्या नात्यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. कष्ट, काटकसर आणि नफा न उधळता पुन्हा धंद्यात घालणे या प्रोटेस्टंट शिस्तीतून युरोपात भांडवलशाहीची वृत्ती घडली, हा मॅक्स वेबरचा १९०४-०५ मधला विचार लेखकाने चांगला समजावला. पण ख्रिस्ती नीती तेवढ्यावर संपवली, हे मला पटले नाही. मी नवापूर तालुक्यातल्या आदिवासी ख्रिस्ती घरातला.

माझे वडील शहादा तालुक्यात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतगडी होते. सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपते. त्या दिवशी मालकाच्या ओट्यावर वही उघडायची. बहिणीच्या लग्नाची उचल, दवाखान्याची उचल, ज्वारी, तापात पडलेले खाडे, सगळे वजा व्हायचे. एका आखाजीला वडिलांच्याच अंगावर पैसे निघाले आणि त्यांनी तिथेच पुढच्या सालासाठी अंगठा दिला. मी ओट्याखाली उभा होतो. रात्री त्यांनी मला बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २४ वा अध्याय वाचायला लावला. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या. जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नका, तो माणसाचा जीवच गहाण घेणे होय. आईचे जाते दाराशीच होते. वडील काही बोलले नाहीत, नुसते जात्याकडे बघत राहिले.

पुढे मी विकास सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, गटसचिव झालो. प्रशिक्षणात राइफायझेनचे नाव कानावर आले. हा जर्मनीतल्या खेड्यांचा बर्गोमास्टर, म्हणजे गावप्रमुख, श्रद्धाळू ख्रिस्ती. १८४६-४७ च्या हिवाळ्यात लोक उपाशी मरू लागले तेव्हा त्याने श्रीमंतांकडून पैसे जमवून भाकरीची सोय केली. पण दान फार दिवस टिकत नाही, हे त्याने अनुभवाने ओळखले. मग १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला पतसंस्था काढली. संस्था गावापुरती, सगळे एकमेकांना ओळखणारे, एकाच्या कर्जाला सगळे जबाबदार. मद्रास सरकारच्या फ्रेडरिक निकोलसनने आपल्या अहवालाचे सार ‘राइफायझेन शोधा’ असे सांगितले, आणि १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा त्याच वळणावर झाला. म्हणजे खानदेशातल्या गावोगावच्या सोसायटीच्या मुळाशी शेजाऱ्याच्या कर्जाची जबाबदारी घेणारी ख्रिस्ती नीती आहे. लेखात याचा एक शब्द नाही, याचे मला फार वाईट वाटले.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. सोसायटीचे पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो सालदार, तो ऊसतोड मजूर आमच्या दारात आला तर मी त्याला काय देणार होतो? इतकी वर्षे मी अशा माणसांना हात जोडून परत पाठवले. ते तिथून मुकादमाकडे जात. उचल घेतली की दिवाळीनंतर नवरा-बायकोचा कोयता गुजरातच्या कारखान्यावर, पोरे सोबत, शाळा बुडालेली. त्यांत आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली घरेही असतात. रविवारी आम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायावर उपदेश ऐकतो. द्राक्षमळ्याचा धनी दिवस कलताना कामावर घेतलेल्यालाही पूर्ण दिनार, म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी देतो, कारण त्याच्याही घरी चूल पेटायची असते, असे मी त्याचे समजतो. आणि आमच्या मंडळीचा पैसा बँकेत मुदत ठेवीत पडून असतो. मी हे बैठकीत बोललो तर ‘देवाच्या घरात व्यवहार नको’ असे उत्तर मिळाले. मग बायबलातल्या लेवीय पुस्तकातले योबेल वर्ष, पन्नासाव्या वर्षी गहाण-विकलेली जमीन मूळ घराला परत द्यायचा नियम, हा व्यवहार नाही तर काय?

सातबारा न मागता, दहा-पंधरा घरांच्या एकमेकांच्या जामिनावर उचल देणारा एक तरी गट येत्या दिवाळीआधी, मुकादम गावात फिरायच्या आत, आमच्या मंडळीने सुरू करावा. त्यात माझे पहिले दहा हजार रुपये मी ठेवतो.

आपला,
एक निवृत्त गटसचिव
ता. नवापूर, जि. नंदुरबार