बंध तुटताना ऊर्जा मिळत नाही, लागते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘एटीपीमधला फॉस्फेटचा बंध तुटतो आणि ऊर्जा बाहेर पडते’ हे वाक्य अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या नोट्समध्ये सर्रास आढळते. (एटीपी म्हणजे पेशीतल्या कामांना ऊर्जा पुरवणारा रेणू; बंध म्हणजे अणूंना जोडून ठेवणारी पकड.) पुढच्याच तासाला रसायनशास्त्राचे शिक्षक फळ्यावर लिहितात, की बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. मुले दोन्ही वाक्ये पाठ करतात, ज्या त्या पेपरात ज्याचे ते लिहितात आणि दोन्हीकडे गुण मिळवतात. पण पहिले वाक्य चूक आहे.

गणित पाच ओळींचे आहे. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन घ्या (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या). हायड्रोजनचे बंध तोडायला प्रत्येकी ४३६ किलोज्यूल, ऑक्सिजनचा तोडायला ४९८. एकूण खर्च १,३७०. पाणी तयार होताना ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार बंध जुळतात, प्रत्येकी सुमारे ४६३. एकूण जमा १,८५२. शिल्लक ४८२ किलोज्यूल, तीच ज्वाळेची उष्णता. कमाई सगळी जुळण्यातली. ग्लुकोजचेही असेच: ऑक्सिजनचा बंध तुलनेने कमकुवत, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातले मजबूत, म्हणून मोलमागे सुमारे २,८०० किलोज्यूल हाती लागतात.

एटीपीत तीन फॉस्फेट गट एका रांगेत असतात आणि पेशीतल्या पीएचला (आम्लतेच्या पातळीला) त्यांवर जवळपास चार ऋण प्रभार दाटीवाटीने बसलेले असतात. पाण्याशी अभिक्रिया (जलअपघटन) झाली, की एडीपी (दोन फॉस्फेट उरलेला रेणू) आणि फॉस्फेट वेगळे होतात. प्रभारांची ही ढकलाढकल कमी होते, सुट्या फॉस्फेटवर प्रभार अधिक पसरतो आणि पाण्याचे रेणू दोन्हींना चांगले वेढतात. जुना बंध तोडायला लागलेली ऊर्जा वजा जाऊनही प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल मुक्त (म्हणजे कामाला लावता येणारी) ऊर्जा मिळते. गोंधळाचे मूळ १९४१ सालचे आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ लिपमन यांनी ‘ऊर्जासमृद्ध फॉस्फेट बंध’ हा शब्दप्रयोग आणि त्यासाठी नागमोडी रेघ रूढ केली. त्यांचा रोख संपूर्ण अभिक्रियेत मिळणाऱ्या ऊर्जेकडे होता. रेघ टिकली, खुलासा गळाला.

वर्गात दाखवायला युरिया पुरतो. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ वोहलरने प्रयोगशाळेत बनवलेला हाच तो जैविक रेणू, आणि शेतकऱ्याच्या घरी त्याची गोणी असतेच. थर्माकोलच्या कपात १०० मिली पाणी घ्या, तापमान नोंदवा, ३० ग्रॅम युरिया एकदम टाका आणि मिनिटभर ढवळा. पारा सहज दहा अंश खाली येतो. दाण्यात युरियाचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ते सुटायला ऊर्जा लागते. पाण्याशी नवे बंध जुळून मिळते ती पुरत नाही, म्हणून उरलेली पाण्याच्या उष्णतेतून जाते. फवारणीसाठी युरिया कालवणाऱ्याला बादलीचा हा गारवा ओळखीचा आहे. युरिया चिमूट-चिमूट टाकला, स्टीलचा पेला वापरला किंवा ओल धरलेली ढेकळे घेतली, तर बाहेरची उष्णता आत शिरते आणि फरक नीट दिसत नाही. खताच्या युरियावर कडुलिंबाचा लेप असतो, त्यामुळे पाणी थोडे गढूळ होईल. प्रयोगाला बाधा नाही. प्रयोगानंतर हात धुवावेत.

डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर यंत्रातही हेच. डीएनएच्या दोन साखळ्या सुट्या करायला सुमारे ९५ अंशांची उष्णता द्यावी लागते. तेवढ्याने साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सुटतात, साखळीतले अधिक मजबूत सहसंयुज बंध तसेच राहतात. नुसते तुटण्याने ऊर्जा मिळत असती, तर ही उष्णता लागलीच नसती.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना आणि नमुना उत्तरे तयार करणाऱ्यांना विनंती: ‘बंध तुटल्यामुळे ऊर्जा मिळते’ याऐवजी ‘एटीपीच्या जलअपघटनात ऊर्जा मिळते’ असे छापावे. आणि ‘तुटणाऱ्या बंधांपेक्षा नवे बंध आणि पाण्याची साथ अधिक ऊर्जा देतात’ असे कोणी लिहिले, तर पूर्ण गुण द्यावेत.

आपला,
जीवरसायनशास्त्राचा एक शिक्षक