धुऱ्यावरून चालणाऱ्या काकांना

काका, रामराम.

नातवाकडून हे पत्र वाचून घ्या. उघडंच लिहितोय, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलं हे आमच्या कारंजा तालुक्यात चार लोकांना कळायला पाहिजे.

हरभरा वीतभर झाला आणि हरणांचा कळप वावरात उतरायला लागला, तेव्हा मी कोणाकोणाच्या दारात गेलो नाही? एका कार्यालयातून माणसं आली. बूट घालून सरळ पिकातून चालत गेली, फोटो काढले, उरलेली झाडं तुडवून परत गेली. भरपाईचा कागद अजून फिरतोच आहे. एक जाणकार म्हणवणारे भेटले, ते म्हणाले तारेत करंट सोड. त्या करंटनं आपल्या विदर्भात वाघ मेले, ढोरं मेली, रात्री ओलिताला निघालेली माणसं मेली. असा सल्ला देताना त्यांची जीभ कशी वळली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग तुम्ही आलात. शेताच्या कडेला उभे राहिलात आणि आत पाय न टाकता पूर्ण धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वळसा घेऊन निघालात. मी म्हटलं, काका, मधूनच चला, तसंही सगळं खाल्लंय. तुम्ही खाली बसून एका खुंटलेल्या झाडाला हात लावला. "बुडखा जित्ता हाय बापू. फुटते अजून." आणि पुन्हा धुऱ्यावरूनच चालू लागलात. काका, माझ्या पिकाला जिवंत म्हणणारे तुम्ही पहिले. हरभऱ्याचे शेंडे आपण स्वतःच खुडतो, खुडलं की फांद्या फुटतात, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या सकाळी ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायची मला फार गरज होती. घरी येऊन बायकोला सांगताना माझा गळा भरून आला.

खूर पाहून, लेंड्या पाहून तुम्ही रोही, म्हणजे नीलगाय, वेगळा केला आणि हरणं वेगळी केली. काळवीट कुठं उभा राहतो, माद्या कुठून येतात, तेही सांगितलं. मग म्हणालात, "हे हरबऱ्यासाठी नाई आले. त्याईले बसाले जागा नाई राह्यली." खरंच होतं ते. त्यांचा जुना माळ नांगरला गेला, बाकीचं गवत कोणीतरी पेटवलं. आपलं कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य २००० साली झालं, ते जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. त्याची हद्द हरणाला कोण दाखवणार?

तुम्ही मात्र त्यांच्यासाठी नवी जागा शोधत हिंडलात. नाल्यापलीकडची ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान, जमीन तुम्ही निवडली. मधे गवत आखूड, म्हणजे चारी बाजूंनी नजर पोचते, आणि कडेला उंच पवन्या गवत, म्हणजे पाडस दडवता येतं. तिथलं गवत कापू नका, जाळू नका, एवढंच तुमचं मागणं. गावानं ते कसं मान्य केलं ते सांगत बसत नाही. कळप आता बहुतेक तिथंच असतो. दोन-चार चुकार हरणं अजून येतात. खाऊ द्या.

तुम्ही फासेपारधी. तुमच्या आज्यानं बैलाच्या आडून जाऊन याच हरणांना फासे लावले होते, हे तुम्हीच सांगितलं. १९७२ चा कायदा आला आणि फासे गेले. इंग्रजांनी १८७१ पासून कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला, तरी कुठं शिकार झाली की पहिली चौकशी तुमच्याच बेड्यावर, तुमच्या वस्तीवर. आणि शहरातून रात्री गाड्या, बॅटऱ्या घेऊन येणारे साहेब लोक? हरणं कुठं बसतात ते दाखव, म्हणाल तेवढे पैसे देतो, असं तुम्हाला म्हणून गेले. तुम्ही त्यांना चहासुद्धा विचारला नाही. माझ्याकडून मात्र तुम्ही एक रुपया घेतला नाही, आणि उन्हातान्हात माळ तुडवलात.

सभ्य माणूस कपड्यांवरून आणि हुद्द्यावरून ओळखायची आपल्याकडे रीत आहे. दुसऱ्याच्या वावरात पाय कसा टाकतो, तेवढं पाहिलं तरी पुरे होईल. अशी माणसं आपल्या आसपास आहेत, पण आपण त्यांना ओसरीवर बसा म्हणत नाही. माझ्या ओसरीवर तुमची जागा पक्की आहे, काका, कोणाला पटो न पटो.

हरभरा फुटला. घाटे धरलेत. हुळा भाजायचा आहे, तेव्हा काकूंना आणि लेकरांना घेऊन या. आणि पावसाळा लागला की एकदा नाल्यापलीकडं चक्कर टाकू. पवन्याचं बी नीट पडलं की नाही, ते तुमच्याशिवाय कोणाला कळणार नाही.

तुमचा,
कारंजा तालुक्यातला एक शेतकरी