वेताळ एक नव्हता, एकवीस होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सुपरहिरोंवरचा लेख वाचला. एकच मुखवटा वेगवेगळी माणसं घालतात ही आयडिया अलीकडची आहे असं त्यात म्हटलंय आणि स्पायडरमॅनचं उदाहरण दिलंय, 2011 मध्ये माइल्स मोरालेस हा नवा मुलगा स्पायडरमॅन म्हणून आला वगैरे. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण आख्ख्या लेखात वेताळाचं नावसुद्धा नाही! मराठी पेपरात असं व्हावं याचं खरंच वाईट वाटलं.

ली फॉक यांनी फँटम, म्हणजे आपला वेताळ, 17 फेब्रुवारी 1936 ला अमेरिकेतल्या पेपरांत सुरू केला. 1536 साली चाचे एका जहाजावर हल्ला करतात, कप्तानाला मारतात, त्याचा मुलगा तेवढा वाचून किनाऱ्याला लागतो, बांडार नावाचे जंगलातले बुटके लोक त्याला जगवतात आणि तो बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो की मी आणि माझ्यानंतर माझी मुलं, त्यांची मुलं, चाचेगिरी आणि अन्यायाशी लढत राहू. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. जंगलाला वाटतं हा चारशे वर्षं मेलाच नाही. आपण वाचत होतो तो एकविसावा, आधीचे वीस जण जंगलातल्या त्याच्या कवटीच्या गुहेत पुरलेले.

खरी मजा इथेच आहे. चाच्यांना माहीत नाही, गावकऱ्यांना माहीत नाही, आणि आपण दहा-बारा वर्षांची पोरं मात्र ते गुपित सांभाळून बसलेलो! हा एकविसावा, त्याचं नाव किट, तर अमेरिकेत मावशीकडे वाढलेला, तिथे कॉलेजात शिकत होता, त्याचा बांडार मित्र गुरन त्याला बोलवायला जातो कारण वडील शेवटच्या घटका मोजतायत, आणि हा सगळं सोडून परत येतो. त्या वयात मला तो प्रसंग मारामाऱ्यांपेक्षा जास्त आवडायचा, अजूनही आवडतो, कारण त्याच्याकडे कुठली जादूची शक्ती नाही, गोळी लागली तर तो मरणार आणि हे त्याला माहितीये. प्रत्येक वेताळ आपली कामगिरी गुहेतल्या जाडजूड वह्यांमध्ये लिहून ठेवतो, म्हणजे पुढचा आला की त्याला आधीच्यांचं सगळं वाचायला मिळतं. सतराव्याच्या वेळी तर त्याची जुळी बहीण ज्युली हा पोशाख घालून बाहेर पडते, आणि आज लोक वाद घालतात की बाईला हिरोचा मुखवटा कशाला!

गोरा माणूस आफ्रिकेतल्या जंगलाचा राखणदार, हे आज वाचताना खटकतं, आणि खटकायलाच पाहिजे. भारतात छापताना वेताळाच्या देशाचं बंगालसारखं वाटणारं बेंगाला हे नाव डेंकाली झालं, त्याचे शत्रू सिंग चाचे सिंगा झाले, म्हणजे काय खटकेल याचा विचार तेव्हाच्या संपादकांनीही केला होताच. पण खटकतं म्हणून वेताळाला इतिहासातूनच काढून टाकायचं हे काही पटत नाही.

वेताळ ज्यात छापून यायचा ते इंद्रजाल कॉमिक्स 1964 ला सुरू झालं, 1990 ला बंद पडलं. बी. गोविंद यांची ती रंगीत कव्हरं आठवतात का कुणाला? मराठी अंक आता सहजासहजी मिळत नाहीत, बरेचसे रद्दीत गेले, वाचनालयांनी तरी ते जपायला हवे होते. माझी विनंती एवढीच की पुरवणीत एक पान या मराठी अंकांना द्या, ज्यांच्याकडे अंक असतील त्यांना फोटो पाठवायला सांगा, आणि ही भाषांतरं कोणी केली, महिन्याला किती पानं करावी लागायची, फुग्यातल्या एवढ्याशा जागेत मराठी कसं बसवायचे, ते त्या माणसांना शोधून विचारा. त्यांच्यातलं कुणी वाचत असेल तर प्लीज स्वतःहून लिहा, आम्ही वाट बघतोय.

आपला,
एक जुना वाचक, सांगली