मंदे, वाच आणि फाडून टाक

वडगाव, बेळगाव
१० फेब्रुवारी २०२६

प्रिय मंदे,

दिवाळीपासून फोन नाही म्हणून फुगली असशील, तर फुग. १९९६ साली अकरा महिने बोलली नव्हतीस, त्या मानाने हे काहीच नाही. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा आहे तसाच, ह्यांची शुगर ताब्यात. झाली तब्येत.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर बोलायला घरात कुणी नसावं लागतं, आणि मी एकटी असते त्या वेळेला तू नातवाला शाळेतून आणायला गेलेली असतेस. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर माझं व्हॉट्सॲप धाकट्याच्या लॅपटॉपवर पण उघडं असतंय. त्यानंच जोडून ठेवलंय, "आई, फोटो साठवायला बरं." नली शुक्रवारी इचलकरंजीला जाऊलीय, तिच्या हातून देते. पाकीट डिंकाने चिकटवलंय. नली वाचणार नाही असं नाही, पण निदान तिला फाडावं तरी लागेल.

तर ऐक. गेल्या महिन्यात एका गुरुवारी मी माझ्याच घरात चोर झाले.

दुपारची वेळ, हे कट्ट्यावर, सून माहेरी. हातात चार ब्लाऊज होते ते बाजूला सारले आणि फोन घेऊन एका बँकेचं ऑनलाईन बचत खातं उघडायला बसले. चष्मा लावून, एकेक ओळ दोनदा वाचून. नाव घातलं, पॅन घातलं, आधारचे बारा आकडे घातले. "ओटीपी पाठवला आहे" असं आलं. मी वाट बघत बसले. माझ्या फोनवर काहीच नाही. म्हटलं रेंज नसेल, म्हणून गुडघा धरत माडीवर चढले. वर पोचते तोवर धाकट्याचा फोन. उद्यमबागेतून, मागे मशीनचा खडखडाट, आणि हा ओरडूलाय, "आई, तुझ्या आधारचा ओटीपी आलाय माझ्याकडं! कोणतरी तुझ्या नावानं खातं काढूलंय! कुणाचा फोन आलेला काय तुला? काय सांगितलीस काय?"

आधारला नंबर त्याचा आहे, हे मी साफ विसरले होते गे. आधार काढलं तेव्हा माझ्याकडे कुठला फोन!

मी काय सांगणार? "नाही रे बाबा, मी आत्ताच उठूलोय झोपेतून." तर तो म्हणतोय, १९३० ला लावतो. सायबर चोरांची तक्रार करायचा तो नंबर. म्हणजे माझ्या नावानं माझीच तक्रार! कसंबसं थोपवलं, की पैसे काही गेले नाहीत, मग पोलिसांना काय सांगणार. तर त्यानं तिथं बसल्या बसल्या माझ्या बोटांचे ठसे लॉक केले. आधारात तशी सोय आहे म्हणे, चोराला अंगठा वापरता येऊ नये म्हणून.

आता पुढचं ऐक. रेशनला गेले. अंगठा ठेवला, यंत्र नाही म्हणालं. "इन्नोम्मे इड्री, अक्का," दुकानदार म्हणाला. पुन्हा ठेवला. पदराला पुसून ठेवला. दुसऱ्या हाताचा ठेवला. मागे पंधरा बायका. त्यातली एक म्हणाली, मावशीचे ठसे सुई धरून धरून झिजलेत. मी पण हो म्हटलं, बिचारी सुई. आणि मग डोक्यात उजेड पडला. रांगेतून बाहेर येऊन धाकट्याला फोन केला, त्यानं उघडलं, मग तांदूळ मिळाले. घरी येऊन एकटीच हसले. मग हसू थांबलं आणि तुझी आठवण आली. ती का आली ते तुला कळलं असेल. नसेल तर खाली सांगते.

आधी खातं कशाला हवं ते. पिग्मी तुला ठाऊकच आहे, रोज दारात थोडे थोडे भरून साठवायची ती. ह्या पिग्मीची सुरुवात म्हणे १९२८ साली उडुपीच्या पैंच्या बँकेनं केली, दिवसाला दोन आणे. आमच्या तिसऱ्या घरातली सून कॅम्पातल्या बँकेत आहे, ती सांगत होती. ती मूळ बँकसुद्धा २०२० साली दुसऱ्या बँकेत विरघळून गेली, पण आमच्या गल्लीत पिग्मीवाला अजून सात वाजता येतोय. रोजचे पन्नास. तो माणूस चांगला, यंत्रातून चिठ्ठी काढून देतो. पण इथून उठला की कट्ट्यावर बसतो, आणि माझं किती झालं हे ह्यांना माझ्याआधी कळतंय.

मागची पिग्मी सुटली तेव्हा एक्केचाळीस हजार आले होते. ते धाकट्याच्या गाडीत गेले. मला विचारलं नाही असं नाही म्हणणार मी. मला सांगितलं. "आई, तुझी पिग्मी सुटली की मग बाकीचं हप्त्यानं." मी हो म्हटलं, गाडीची पूजा केली, लिंबूसुद्धा मीच बांधलं. मुलगा वाईट नाही, तुला माहीत आहे, तूच त्याला अंगाखांद्यावर खेळवलंस. पण ह्या पाडव्याच्या आधी पुढची सुटते, साठ हजारांच्या आसपास. आणि परवा जेवताना हे म्हणाले, "माडीवर पत्रा घालायला हवा, होय की नाही?" माझ्याकडे न बघता.

म्हणून.

तिसऱ्या घरच्या सुनेला मी सगळं विचारलं, "माझ्या बहिणीसाठी" म्हणून. म्हणजे तू. तिचं म्हणणं, ऑनलाईन उघडलं म्हणून खातं खोटं होत नाही, फक्त समोर आहे ती बँकच आहे की नुसतं ॲप, हे बघून घ्यायचं. आता बँकांच्या वेबसाईटच्या पत्त्याच्या शेवटी बँक डॉट इन असतंय. बँक असली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, २०२० च्या फेब्रुवारीपासून, त्याआधी एकच लाखाचा होता. सहकारी बँकेला पण आहे. आणि आपल्या गल्लीतल्या सोसायटीला? विमा नाही. मी गप्पच झाले. पुष्पीच्या आईचे कसे गेले ते आपण बघितलंय. म्हातारी शटरसमोर पायपुसणं घालून बसायची. आणि मी एवढी वर्षं पन्नास-पन्नास तिथंच टाकूलोय, माणूस ओळखीचा म्हणून!

व्याजाचा हिशेब मी ब्लाऊजच्या मापांच्या वहीत मागच्या पानावर केलाय. मोठ्या सरकारी बँकेत बचतीला अडीच टक्के. साठ हजाराला वर्षाचे दीड हजार. काही छोट्या फायनान्स बँका दुप्पट नि वर देतात म्हणे, पण जाहिरातीतला मोठा आकडा पुष्कळदा लाखांच्या वरच्या रकमेला असतो, माझ्यासारखीला खालचा. धर दुप्पट, तरी वर्षाला जास्तीचे दीड हजार, म्हणजे तुझा लाडक्या बहिणीचा एक हप्ता. एवढ्यासाठी चोर व्हायचं काय, असं तू विचारशील. पण व्याजासाठी मी गेलेच नव्हते.

हप्त्यावरून आठवलं. तुमचे दीड हजार, आमचे गृहलक्ष्मीचे दोन हजार, वर बस फुकट. सीमाप्रश्न एवढ्यापुरता राहू दे की असाच! हे ऐकलं तर माझा भाऊ मला वाळीत टाकेल, त्याला सांगू नकोस. पण ह्या दोन हजारांतच एक भोवरा आहे. सरकारचे पैसे आधारला शेवटी जे खातं जोडलं त्यात जातात. नवीन खातं उघडताना एक चौकोन येतो, सबसिडी इथं घ्यायची काय म्हणून. त्यावर चुकून बोट पडलं आणि जोडणी बदलली, तर दोन हजार नव्या खात्यात, आणि जुन्याचं पासबुक भरायला धाकटा गेला की "आई, गृहलक्ष्मी बंद झाली की!" म्हणून पुन्हा बोंब. एका बोटाची गोष्ट बघ.

आणि नाव. पॅनवर मी सुमन आहे, आधारवर सुमना. त्या कानडी पोरानं टंकताना शेवटी एक अ जोडला. तेव्हा म्हटलं असू दे, ऐकायला बरं वाटतंय, सिनेमातल्या बाईसारखं. आता तो अ आडवा येतो. आधारात नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, म्हणून तेही जपून. नुसत्या ओटीपीवर उघडलं तर लाखाच्या वर शिल्लक ठेवता येत नाही, आणि वर्षाच्या आत पूर्ण केवायसी केली नाही तर खातं बंद. पूर्ण म्हणजे व्हिडिओवर बसायचं, बँकेचा माणूस पलीकडून बघतो, पॅन कार्ड समोर धरायला लावतो, काहीबाही विचारतो. मी आरशासमोर करून बघितलं. पॅन धरलं की हात थरथरतो, आणि चेहरा अगदी चोरासारखा दिसतो.

पोस्टाचं पण मनात आलं. चार टक्के, पाचशे रुपयांत खातं. पण खिडकीवर सगळी ओळखीची, आणि पासबुक येतं. पासबुक ठेवायचं कुठं?

आता आलं ना ध्यानात.

तुझं ते पोस्टाचं पासबुक, केशरी पिशवीतलं. माझ्या ट्रंकेत शालूच्या घडीत दीड वर्ष होतं. दर महिन्याच्या नऊ तारखेला तू धावत यायचीस, कारण दहानंतर भरलं तर त्या महिन्याचं व्याज नाही. (अजून पोस्टात तेच आहे. बँका २०१० पासून रोजच्या शिलकेवर देतात.) मी तुला चहा द्यायची आणि चहाबरोबर एक भाषण. नवऱ्यापासून लपवायचं म्हणजे संसार कसला, आमच्यात असं नाही, वगैरे. आणि मग मंगाईच्या यात्रेला, नारळाच्या दुकानापाशी, चार बायकांत, ती पिशवी मी तुझ्या हातात दिली. "माझ्या घरात चोरी नको," म्हटलं. भाऊजी तेव्हा काय करत होते ते सगळ्या गल्लीला दिसत होतं. मला पण दिसत होतं, मंदे. पण आमचे हे दारू पीत नव्हते ना, त्याचा मला माज होता.

तू काहीच बोलली नाहीस. नारळ घेतलास आणि गेलीस. त्याच पैशावर पुढे पोरगीचं नर्सिंग केलंस, ते पासबुक कुठं ठेवलं होतंस ते मला आजतागायत सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. भांडलो ते भलत्याच गोष्टीवरून, भिशीच्या त्या सातव्या नंबरवरून. (तो नंबर माझाच होता. त्यावर मी अजून ठाम आहे.)

परवा धाकटा फोनवर "चोर, चोर" करत होता तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. यात्रेतला. चुकलं माझं. तीस वर्षांनी सांगते, आणि तेही नलीच्या हातून. यावर फोनवर काही बोलू नकोस.

आता ठरवलंय असं वाटतंय, पण रात्री एक ठरतं आणि सकाळी दुसरं. आधी स्वतःचं सिम घ्यायचं. मग आधारात नंबर बदलायचा, त्याला ७५ रुपये. नावातला अ पण त्याच फेरीत काढायचा. धाकट्याला कळेल काय? नंबर बदलला की कधीतरी कळणारच. तेव्हा "दुकानाच्या बायकांना द्यायला वेगळा नंबर हवा होता" असं सांगायचं, की सरळ सांगायचं "माझे पैसे आहेत"? दुसरं वाक्य मी माडीवर म्हणून बघितलं. जमलं नाही. पहिलं छान जमतंय. तू भाऊजींना कधी सांगितलंस काय? सांगितलंस तर कसं?

आणि एक भीती. कागद नाही, पासबुक नाही, फक्त माझ्या फोनात. उद्या मला काही झालं तर कुणाला कळणार? दोन वर्षं काही उलाढाल नसली की खातं झोपतं, दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत. वारसाला मागता येतात, पण वारसाला ठाऊक तर हवं! म्हणून नॉमिनी. आता चार जणांपर्यंत घालता येतात, गेल्या १ नोव्हेंबरपासून. दिवस बघ कसला शोधलाय, आमच्या सीमाभागातल्या काळ्या दिनाचाच! तिसऱ्या घरची सून म्हणाली, नॉमिनी नात्यातलाच हवा असं काही नाही. तर एक धाकटा, एक थोरली. आणि एक तू घालते. तुला टक्का थोडा, हावरटपणा नको. पण खातं कुठल्या बँकेत ते तुला माहीत असलं की मला झोप लागेल.

तुझं काय? मोतीबिंदूचं झालं काय ऑपरेशन? पोरगीची पुण्याला बदली झाली असं नली म्हणाली, मला का सांगितलं नाहीस? नातवाला पापा. कुंदा पाठवूलोय नलीबरोबर, अर्धा किलो, वाटेत कमी झाला तर नलीला विचार.

नॉमिनीसाठी तुझी जन्मतारीख लागणार. आधारवरची पाठव, गुरुजींनी शाळेत लावलेली ती १ जून. खरी मला माहीत आहे.

तुझी,
सुमी (ना काढून)