पीटी सगळ्यांना सारखाच का?

संपादक साहेब,

इन्कम टॅक्सच्या स्लॅबवर सगळे बोलतात, पण पगाराच्या स्लिपवर पीटी म्हणून 200 रुपये कापतात, म्हणजे व्यवसाय कर, त्याचं कोणी नावच काढत नाही म्हणून लिहितोय. मी अंबड एमआयडीसीत पगारपत्रकाचं काम करतो. ठेकेदाराकडच्या ज्या पोराला 14 हजार पगार आहे त्याचे महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 जातात, आणि दोन लाख पगारवाल्या मोठ्या साहेबांचेही तेवढेच, वर्षाला दोघांचे 2500. पोराच्या कमाईचा दीड टक्का गेला, साहेबांचा जेमतेम एक दशांश टक्का. ह्यात कुठला न्याय आहे ते सांगा.

खरं तर हा कर चांगल्या कामासाठी आला होता. माझी आई सिन्नरकडची, 72 च्या दुष्काळात कडेवर माझ्या मोठ्या भावाला घेऊन खडी फोडायला जायची, दुपारी सुकडी मिळायची, त्यावर घर तगलं असं ती अजून सांगते. त्याच काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली आणि तिला पैसा हवा म्हणून 1975 साली व्यवसाय कर लागला, जेवढा जमेल तेवढीच रक्कम सरकारनेही घालायची असं ठरलं. शहरातल्या पगारदाराने द्यायचं आणि गावाकडच्या हाताला काम मिळायचं, इतकं सरळ. पुढे 2005 ला केंद्राने देशभर रोजगार हमीचा कायदा केला तो आपलंच बघून.

अडचण अशी की घटनेच्या कलम 276 मध्ये ह्या कराला वर्षाला 2500 ची मर्यादा आहे. 1988 ला ती 250 वरून 2500 केली आणि तिथेच थांबली, तेव्हा 2500 म्हणजे चांगल्या नोकरदाराचा महिन्याचा पगार होता हो! आता मोठ्या पगारवाल्याला ते जाणवतही नाही. आणि हाच 14 हजारवाला मोबाईलच्या रिचार्जवर 18 टक्के जीएसटी भरतोच, साहेबांइतकाच.

आपल्या खासदारांनी ही मर्यादा वाढवायचा विषय दिल्लीत लावून धरावा, पगार वाढेल तसा कर वाढू द्या. आणि राज्य सरकारने 2023 मध्ये 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना माफी दिली तशी पुरुषांनाही द्यावी, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

दर फेब्रुवारीत पोरं स्लिप घेऊन माझ्या टेबलाशी येतात, साहेब ह्या वेळी शंभर जास्त का कापले म्हणून. मी सांगतो, 2500 ची बेरीज जुळवायला.

एक वाचक, अंबड, नाशिक