पोटातला बांध

बेळगाव, बुधवार

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

"मला का सांगितलं नाही?" असं तू फोनवर तीनदा विचारलंस. अगं, अपेंडिक्स फुटलंय हे मलाच कुठं कळलं होतं? शुक्रवारी बेंबीभोवती दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून तुझ्या आईनं ओवा दिला. शनिवारी दुखणं उजवीकडं खाली सरकलं, तरी मी, जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलेला माणूस, गोळी घेऊन मळणीला उभा राहिलो. रात्री दुखणं चक्क उतरलं. मी खूश! अपेंडिक्स फुटलं की आतला ताण काही वेळ कमी होतो, हे नंतर समजलं.

ऑपरेशननंतर सर्जन म्हणाले, "गुरुजी, तुमच्या ओमेंटमनं वाचवलं." आतड्यांच्या पुढ्यात झुलीसारखा लोंबणारा तो चरबीचा पदर. रदरफर्ड मॉरिसन या ब्रिटिश सर्जननं त्याला 'पोटातला पोलीस' म्हटलं होतं. तो आपणहून चालत जात नाही. आतड्यांच्या हालचालीनं सरकतो आणि सूज असेल तिथं चिकटतो. माझ्या फुटक्या जागेवर जाऊन तो बसला होता, म्हणून घाण पोटभर पसरली नाही.

पण एकट्या पदराचं काम नव्हे. आपल्या खालच्या वाफ्याचा बांध फुटला होता ते आठव. पहिल्यांदा तिथं जवळ असलेल्यानं हाक मारली, मग अख्खी वाडी कुदळी घेऊन धावली. पोटातही तसंच. पोटाच्या अस्तरातल्या द्रवात मॅक्रोफेज पेशी कायम असतात. जंतू दिसला की त्याला गिळतात आणि हाकाही घालतात. त्या हाका म्हणजे सायटोकाइन नावाची प्रथिनं. त्यातल्या टीएनएफ नावाच्या हाकेमुळे रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट आणि सैल होतं, इंटरल्यूकिन-८ ही दुसरी हाक न्यूट्रोफिलना, म्हणजे जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना, वाट दाखवते. मास्ट पेशी, ज्यांना आपण फक्त ॲलर्जीसाठी शिव्या देतो, त्याही टीएनएफ सोडून न्यूट्रोफिलना बोलावतात. माझ्या रक्तात पांढऱ्या पेशी १८,००० निघाल्या. साधारण ४,००० ते ११,००० असतात. सगळी वाडी आली होती म्हणायची. त्यातल्या मेलेल्यांचाच तर पू होतो. शिवाय फायब्रिनचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचं, जाळं जंतूंना अडकवून ठेवतं. पुढं आतडी एकमेकांना चिकटण्याची भीती त्याचीच.

मग टीएनएफ चांगलं की वाईट? यावर मी खाटेवर पडून बराच विचार केला. उंदरांच्या पोटात असाच संसर्ग घडवून टीएनएफ अडवलं, तर उंदीर वाचण्याऐवजी मेले. पण तीच हाक पोटाबाहेर साऱ्या अंगभर गेली की रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो. तोच सेप्सिस. रविवारी रात्री माझा दाब खाली गेला, तेव्हा हाक कुंपणापर्यंत पोचली होती एवढं खरं. इंटरल्यूकिन-१० सारखे रेणू "पुरे आता" म्हणणारे. पण त्यांनी लवकर तोंड उघडलं तर जंतूंचंच फावतं. आणि हो, अँटिबायोटिक आणि सर्जनचा हात नसता तर या साऱ्यांनी किती दिवस तग धरला असता, कोण जाणे.

इथली सिस्टर रोज कन्नडमधून "नोवु ऐतेनु?" (दुखतंय का?) विचारते. मी "इल्ला" (नाही) म्हणतो, मग तुझी आई खरं काय ते तिला सांगते. टाके परवा काढणार.

भात अजून खळ्यावरच पडलंय. काकानं ताडपत्री घातलीय म्हणे, पण कोपऱ्यांवर दगड ठेवलेत का ते कुणी सांगत नाही. तू जरा फोन करून विचार.

तुझा,
बाबा